बांध कोरला कुणी?

औशाकडं आमच्या भावकीतली निम्मी भांडणं बांधावरची. शेजारी दर नांगरटीला वीतभर बांध कोरतो. पाच-सात वर्षांनी सरकारी मोजणी होते तेव्हा दोन गुंठे कमी भरतात, आणि ते नेमके कोणत्या साली गेले हे सांगायला कुणी नसतं.

मी डीबगर, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधायची हत्यारं, बनवतो. गावी गेलो की काका विचारतात, "कॉम्प्युटर दुरुस्त करतोस का रं?" दुरुस्त करणारे वेगळे, मी त्यांची हत्यारं घडवतो. काकांच्या हिशेबात, लोहार.

सी भाषेत मेमरीची अशीच वाटणी असते. यादीला दहा घरं दिली आणि प्रोग्रामनं अकराव्यात लिहिलं, तरी भाषा अडवत नाही. शेजारच्या घरातला आकडा बिघडतो, प्रोग्राम चालूच. बऱ्याच वेळानं कुणी तो आकडा वाचायला जातं आणि सगळं तिथं कोसळतं. चोरी एकीकडं, बोंब दुसरीकडं.

चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवायची युक्ती मला अजूनही भारी वाटते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला जीडीबी हा डीबगर घ्या. इंटेलच्या प्रोसेसरवर तो त्या जागेवरच्या आज्ञेचा पहिला बाइट काढून खिशात ठेवतो आणि तिथं २०४ हा आकडा रोवतो. प्रोसेसरच्या लेखी २०४ म्हणजे 'थांब, कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) हाक मार'. कर्नल प्रोग्राम गोठवतो, डीबगरला उठवतो. आपण निवांत आत डोकावायचं. पुढं जायचं तर खिशातला बाइट जागेवर ठेवायचा, एक पाऊल मागं येऊन तेवढी एकच आज्ञा चालवायची, आणि २०४ परत रोवायचा. ही खूण एकाच बाइटची का? कारण इथं सर्वांत लहान आज्ञाही एकाच बाइटची असते. खूण मोठी असती तर डीबगरनंच शेजारच्या आज्ञेचा बांध कोरला असता!

पण कुठं थांबायचं हेच माहीत नसेल तर? प्रोसेसर मेमरीतल्या एखाद्या पत्त्यावर राखण करू शकतो. १९८५ च्या इंटेल ३८६ पासून ही सोय आहे. राखणदार मात्र चारच, आणि रान अफाट.

गुगलमधल्या इंजिनिअरांनी २०१२ साली मांडलेला, मेमरीतल्या चुका पकडणारा अ‍ॅड्रेससॅनिटायझर सगळ्या रानाचा सातबाराच काढतो. दर ८ बाइटांमागं १ बाइटाची नोंद: ही जमीन वापरात आहे की नाही. प्रत्येक तुकड्याभोवती पडीक पट्टा सोडलेला असतो, आणि कंपायलर (आपली भाषा प्रोसेसरच्या आज्ञांत उतरवणारा) प्रत्येक लिहिण्या-वाचण्याआधी ही नोंद तपासायला लावतो. पट्ट्यात पाय पडला की प्रोग्राम जागीच थांबतो. वर फेरफारही छापून मिळतो: तुकडा कुणी घेतला, कुणी सोडला. प्रोग्राम साधारण दुप्पट हळू होतो, पण माझ्या मते सौदा स्वस्त आहे.

कुणी पट्टा ओलांडून थेट तिसऱ्याच्या चालू रानात उडी मारली तर मात्र सातबारा गप्प बसतो. त्यावर एआरएम या कंपनीच्या रचनेच्या काही नव्या प्रोसेसरांत १६ रंगांची सोय आहे. दर १६ बाइटांच्या तुकड्याला एक रंग, तिथला पत्ता बाळगणाऱ्या पॉइंटरलाही तोच. रंग जुळला नाही की चोर सापडला. रंग चिठ्ठ्या टाकून वाटले, तर सोळांतला एखादा चोर मात्र योगायोगानं मालकाच्याच रंगाचा निघतो.