स्वमग्न मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र: अर्ज, कागदपत्रं आणि 'इसा' चाचणी

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि स्वमग्नता (ऑटिझम) त्यांपैकी एक आहे. त्यामुळे स्वमग्न मुलालाही प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा. फी लागत नाही. मुलाचा अलीकडचा फोटो, आधार आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा. मूल अल्पवयीन असल्याने अर्ज पालकांनीच भरायचा. तपासणीला मूळ कागदपत्रं, अर्जाची पावती आणि थेरपी, शाळा, डॉक्टर यांचे आधीचे सगळे रिपोर्ट न्या.

खरी तयारी लागते ती चाचणीला. 'इसा' (ISAA, Indian Scale for Assessment of Autism) ही स्वमग्नता मोजण्यासाठी भारतात तयार झालेली मोजपट्टी. तिच्यात 40 मुद्दे आहेत: नजरेला नजर न देणं, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणणं, आवाजाचा त्रास होणं, असे. वागणं किती वेळा दिसतं त्यावर प्रत्येक मुद्द्याला 1 ते 5 गुण. 70 गुणांपासून स्वमग्नता मानली जाते आणि 70 गुण म्हणजे 40 टक्के. तज्ज्ञ मुलाचं निरीक्षण करतात, पण बरीचशी माहिती तुमच्याकडूनच घेतात.

इथे पालक हमखास चुकतात. मूल चारचौघांत चांगलं दिसावं ही ओढ स्वाभाविक आहे, पण "घरी सगळं नीट करतो हो" असं म्हणालात तर गुण कमी पडतात आणि हक्काची मदत हातची जाते. स्वतःला पाणी हवं असताना मूल "तुला पाणी हवंय" म्हणतं, मिक्सर लागला की कान झाकून पळतं, हे जसंच्या तसं सांगा. वाढवून नको, झाकून तर मुळीच नको. आदल्या आठवड्यातले मोबाइलवरचे दोन-तीन व्हिडिओ फार उपयोगी पडतात, कारण अनोळखी खोलीत मूल वेगळंच वागतं.

हा टक्का म्हणजे प्रगतिपुस्तक नव्हे. मूल काय नवं शिकलं, याची नोंद थेरपिस्टकडे वेगळी ठेवा. पुढच्या मूल्यमापनात तीही दाखवता येते. प्रमाणपत्रावर मुदत असेल तर ती संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज करा.

निर्णय पटला नाही, तर कायद्याच्या कलम 59 खाली अपील करता येतं. त्यासाठी नाकारल्याचं कारण लेखी मागून घ्या.