एअर फिल्टर म्हणजे चाळणी नव्हे

परवा गॅरेजवाल्यानं माझ्या बाइकचा एअर फिल्टर उन्हाकडे धरला, कॉम्प्रेसरनं दोनदा हवा मारली आणि म्हणाला, "बघा, आरपार उजेड दिसतोय. अजून पाच हजार किलोमीटर चालेल." हा हिशेब पिठाच्या चाळणीचा झाला.

एक लिटर पेट्रोल जळायला वजनानं त्याच्या १४.७ पट हवा लागते, म्हणजे सुमारे ९,००० लिटर! त्यातल्या धुळीत क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचं खनिज, असतं. खनिजांची कठीणता एक ते दहा अशी मोजणाऱ्या मोहस् श्रेणीत त्याची कठीणता ७, चाकूच्या पात्यावर ओरखडा उठवणारी. तेलाच्या थरात शिरलेले असे कण पिस्टन रिंगा आणि सिलिंडर घासत राहतात.

गंमत अशी, की कागदी फिल्टरमधली भोकं पुष्कळदा कणांपेक्षा मोठी असतात. मग कण अडतो कसा? एसटी घाटात झटकन वळली की उभा प्रवासी दारावर आपटतो. तसंच हवा तंतूला वळसा घालते, पण दहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जड कण जडत्वामुळे सरळ जातो, तंतूवर आपटतो आणि रेणूंमधल्या आकर्षणानं तिथंच चिकटतो. अतिसूक्ष्म कणांना हवेचे रेणू धक्के देतात. ते भरकटत तंतूला लागतात (ही ब्राउनीय गती). निसटतात ते मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे: भरकटायला जड, आपटायला हलके. अडकलेली धूळ पुढच्या धुळीला अडवते, म्हणून थोडा मळलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा चांगला गाळतो. अर्थात पुढे तो चोंदतोच. तेलात भिजवलेल्या कागदी फिल्टरला तर हवा मारायचीच नसते, बदलायचा असतो.

नवा घेताना आपल्या मॉडेलच्या पार्ट नंबरचाच घ्यावा, आणि कव्हरही तपासावं. कडेचं रबर कडक झालं किंवा कव्हरला चीर गेली, की हवा सोपी वाट धरते आणि फिल्टर शोभेला उरतो. 'पिकअप वाढतो' म्हणून काही जण कव्हरला भोकं पाडतात. वाढतो तो मुख्यतः आवाज. कार्बोरेटरच्या गाडीत हवा-पेट्रोलच्या मिश्रणातलं पेट्रोल कमी पडून इंजिन तापतं ते वेगळंच. अशा गाडीच्या हँडलला लिंबू-मिरची हमखास लटकलेली असते.

मी फिल्टर काढून इंजिनाकडच्या बाजूला पांढरं फडकं फिरवलं. धुळीची करकर लागली, म्हणजे हवा कडेनं शिरत होती. फिल्टरबरोबर कव्हरही नवं घेतलं.