पेनिसिलिनला न जुमानणारा डुकरांचा खोकला

डुकरं खोकायला लागली की पेनिसिलिन टोचायचं, हा सल्ला सर्रास दिला जातो. दोन दिवसांत ताप उतरतो, खाणंही सुधारतं. कोरडा खोकला मात्र आठवडेच्या आठवडे चालूच राहतो.

वाढत्या वयाच्या डुकरांत असा खोकला रेंगाळला, तर पहिला संशय मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनिए या जीवाणूवर घ्यावा. १९६५ साली तो प्रयोगशाळेत वेगळा करता आला. तोवर हा न्यूमोनिया विषाणूचा समजला जाई. पेनिसिलिन जीवाणूला पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीचं कडक कवच, बांधू देत नाही. मायकोप्लाझ्माला भित्तिकाच नसते, मग औषध अडवणार काय?

मायकोप्लाझ्माची खरी करामत श्वासनलिकेत दिसते. नलिकेच्या आतल्या पेशींवर सिलिया नावाचे सूक्ष्म केस असतात. ते एका लयीत हलतात आणि धूळ, जंतू अडकलेला चिकट थर घशाकडे ढकलत राहतात. मायकोप्लाझ्मा नेमका या केसांनाच चिकटतो. त्यासाठी त्याच्या पृष्ठभागावर पी-९७ हे प्रथिन असतं. त्यात पाच अमिनो आम्लांचा (प्रथिनाच्या घटकांचा) एक तुकडा ओळीनं पुन्हापुन्हा येतो. ही आवर्तनं कमी पडली तर पकड बसत नाही. पकड बसली की केसांची हालचाल मंदावते, ते गुच्छ होऊन गळतात, आणि कचरा खाली फुप्फुसात उतरतो. त्या वाटेनं पाश्चुरेला मल्टोसिडासारखे जंतू आत शिरतात. पेनिसिलिननं बरं वाटतं ते या मागाहून आलेल्यांपैकी काही मरतात म्हणून. मूळ जंतू जागेवरच असतो.

टेट्रासायक्लिन, टायलोसिन, टियाम्युलिन ही औषधं चालतात, कारण ती भित्तिकेवर नव्हे, तर जीवाणूच्या प्रथिननिर्मितीवर घाव घालतात. मात्र खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन ही खाद्यात मिसळायची औषधं असतील तर टियाम्युलिन देऊ नये. हा संयोग जिवावर बेततो. मात्रा पशुवैद्यकानंच ठरवावी. ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ पावडरींनी गळलेले सिलिया परत येत नाहीत. लशीनं फुप्फुसाची हानी घटते, पण लागण पूर्ण थांबत नाही. शेडमधला अमोनियाही सिलियांना इजा करतो, त्यामुळे मलमूत्र साचू न देणं आणि हवा खेळती ठेवणं हा उपचाराचाच भाग आहे. वेगवेगळ्या वयाची पिलं एकत्र ठेवू नयेत; एक बॅच पूर्ण बाहेर, शेड धुऊन कोरडी, मगच दुसरी आत.

लागण झालेलं डुक्कर २०० दिवसांनंतरही जंतू पसरवू शकतं. गाभणकाळ ११४ दिवसांचाच असतो. त्यामुळे गाभणपणात लागण झालेली तरुण मादी विते तेव्हा जंतू तिच्या अंगात असतातच, आणि नाकाला नाक लागून पिलांना मिळतात.