वेर्निके क्षेत्र

वेर्निके क्षेत्र : ऐकलेल्या बोलण्याचा अर्थ लागण्याशी ज्याचा संबंध जोडला जातो असा मेंदूच्या बाह्यकाचा (बाहेरच्या थराचा) भाग. उजव्या हाताने कामे करणाऱ्या बहुतेकांत तो डाव्या अर्धगोलात, कानशिलाच्या आतील शंखखंडाच्या वरच्या वळीच्या मागील टोकाशी असतो. कार्ल वेर्निके (१८४८–१९०५) या जर्मन वैद्याने १८७४ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याचे वर्णन केले. फ्रेंच वैद्य पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये दाखवलेला रुग्ण जेमतेम एक अक्षर उच्चारत असे. वेर्निके यांचे रुग्ण मात्र घडाघडा बोलत, फक्त त्या बोलण्याला अर्थ नसे.

या क्षेत्राला इजा झाल्याने होणारा हा वाचेचा विकार जवळून पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे करणारा एखादा व्यापारी घ्या. ‘अहो, चहा घेताय का?’ या प्रश्नावर तो ‘ते पोत्याचं हदळं काल उलटं बसलं न्हवं, मग लावा की’ असे म्हणतो. हेल सांगलीचाच, ‘न्हवं’ आणि ‘की’ जागच्या जागी, प्रत्ययही बिनचूक. पण ‘हदळं’ हा शब्दच कोणत्या भाषेत नाही, आणि आपण काही वावगे बोललो याची त्याला बहुधा जाणीव नसते. ‘डोळे मिटा’ म्हटल्यावर तो कदाचित मिटेलही, पण ‘डावा हात उजव्या कानाला लावा’ हे हातवारे न करता सांगितले, तर गोंधळतो.

‘अंगावरून वारं गेलं’, म्हणजे पक्षाघाताचा झटका आला, हे घरचे लोक वाकड्या तोंडावरून आणि लुळ्या हातावरून ओळखतात. हा विकारही पुष्कळदा अशाच झटक्याने होतो, पण हालचालींचे केंद्र या क्षेत्रापासून दूर असल्याने या रुग्णाचे हातपाय पुष्कळदा धड असतात. त्यामुळे भ्रम झाला किंवा बाहेरचे काही लागले अशी समजूत होते. मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मात्र साधारण साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते, आणि मिरजेसारखे दवाखान्यांचे गाव हाकेच्या अंतरावर असूनही तो वेळ अशा समजुतीपायी हातचा जाऊ शकतो.

या क्षेत्राच्या सीमांबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ मार्सेल मेसुलम व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये, हळूहळू वाचा जाणाऱ्या रुग्णांच्या अभ्यासावरून, सुट्या शब्दांचा अर्थ शंखखंडाच्या पुढच्या टोकाशी अधिक निगडित असल्याचे मांडले. जत भागात घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलणाऱ्यांसारख्या दुभाषिकांत गुंता आणखी वाढतो : दोन्ही भाषा सारख्याच बिघडतात असे नाही, आणि आधी परतते ती कधी बालपणीची असते, कधी रोजच्या वापरातली.