टिटवीचे ओले पोट

मे महिना सरत आला की ‘टिटवीने चार अंडी घातली, यंदा चारही महिने पाऊस’ अशा बातम्या हमखास छापून येतात. टिटवी एरवीही बहुधा चारच अंडी घालते, त्यामुळे हे भाकीत जवळजवळ दरवर्षी भरपूर पावसाचेच निघते, आणि दुष्काळ पडल्यावर त्याचा जाब टिटवीला कोणी विचारत नाही. त्या अंड्यांपाशी चाललेली खरी नवलाई बातमीत नसते.

ती पाहायची तर पक्षिनिरीक्षकांच्या गटाने याच दिवसांत निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरला जावे. गोदावरी-कादवा संगमावरील ही पाणथळ म्हणजे राज्यातील पहिले रामसर स्थळ, अर्थात आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ (घोषणा २०२०). काठच्या झाडीत पावशा ओरडत असतो, कोतवालाला घरट्यापुरती पानांची सावली मिळते. टिटवीची अंडी मात्र उघड्यावर, खड्यांमधल्या उथळ खळग्यात असतात आणि भर दुपारी तेथील जमीन ५० अंशांच्याही वर तापू शकते. गर्भाला ३७-३८ अंश मानवतात. बेचाळिशीपलीकडे तो फार काळ तग धरत नाही.

म्हणून दुपारी टिटवी अंड्यांवर सावली धरून उभी राहते, आणि तेवढ्याने भागेनासे झाले की पाण्यात उतरून पोटाची पिसे भिजवते व तशीच परत येऊन बसते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता शोषली जाते. टिटवीचे अंडे साधारण २० ग्रॅमचे. चारही अंडी एक अंशाने थंड करण्यास अदमासे २६५ ज्यूल पुरतात. म्हणजे सगळी उष्णता अंड्यांतूनच गेली, तर एका ग्रॅममध्ये नऊ अंशांचा उतार पडेल. प्रत्यक्षात बराच वाटा हवा, पिसे आणि माती यांतून येतो, तरीही हा व्यवहार फायद्याचाच ठरतो.

हा माठाचाच न्याय असल्याने तो हवेतील दमटपणावर अवलंबून असतो. ४० अंश तापमान आणि २० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना ओले फडके गुंडाळलेली तापमापी सुमारे २२ अंशांपर्यंत उतरते. आर्द्रता ६० टक्के झाली तर ती ३३ अंशांच्या आसपासच अडते. बाष्पीभवनाने गाठता येणारी ही खालची मर्यादा असते. निफाडच्या कोरड्या मे महिन्यात टिटवीला जे साधते, ते किनाऱ्यावरच्या दमट हवेत तितके साधणार नाही.

गटाला एक पथ्य यातूनच लागू होते. ‘टिटिव टिव’ असा आकांत सुरू झाला, म्हणजे जोडी अंड्यांवरून उठलेली असण्याचा संभव मोठा. आपण छायाचित्रासाठी तेथे जितका वेळ रेंगाळू, तितका वेळ अंडी सावलीवाचून तापत राहतात. अशा वेळी आल्या वाटेने मागे सरावे आणि दुर्बिणीतून पाहावे.