अटॅकनंतर विडी एकदम सोडली तर हृदयाला झटका बसतो?

‘तीस वर्षांची सवय एकदम तोडू नका, हृदयाला झटका बसतो. आणि अटॅक येऊन गेल्यावर सोडून तरी काय उपयोग?’ साताऱ्याकडच्या ग्रुपांवर हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. यातलं काहीच खरं नाही.

समज का पसरला, ते कळण्यासारखं आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली तर कधीकधी जिवावर बेततं. तंबाखूचं तसं नाही. चिडचिड होते, झोप उडते, भूक वाढते. पहिला आठवडा जड जातो, मग महिनाभरात बहुतेक त्रास ओसरतो.

झटका बसतो तो ओढल्याने. तंबाखूतल्या निकोटिनमुळे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. गुठळ्याही लवकर होतात, आणि स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवला म्हणून यातलं काही थांबत नाही. हृदयविकार झाल्यावर सोडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका, ओढत राहणाऱ्यांच्या तुलनेत, साधारण एक तृतीयांशाने कमी आढळला आहे. म्हणजे अटॅकनंतर सोडण्याचा उपयोग भरपूर आहे.

ओढल्याने ठोके वाढतात, याचा पडताळा घरीही घेता येतो. अजून ओढत असाल, तर सकाळच्या पहिल्या विडीआधी आणि लगेच नंतर मनगटावरची नाडी मिनिटभर मोजा. सोडल्यावर काही दिवसांनी सकाळी उठल्याउठल्या पुन्हा मोजा.

विडी सोडून चुना-तंबाखू मळणारे किंवा मिश्री लावणारे आपल्याकडे बरेच. निकोटिन तेच, त्यामुळे ही सुटका नव्हे. सवय सोडायला मदत म्हणून निकोटिनचं च्युइंगम घ्यायचं तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारून. विडी-तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा सल्ल्याचा नंबर मोफत आहे.