विज्ञान प्रयोगदर्शन

मुलांसमोर व त्यांच्या घरच्यांसमोर, तिकीट न लावता, प्रत्यक्ष करून दाखवलेल्या विज्ञानप्रयोगांचा जाहीर कार्यक्रम. मराठीत नाटकाचाही ‘प्रयोग’ होतो आणि प्रयोगशाळेतलाही. इथे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

उगम : या प्रथेचे मूळ सहसा लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ साली सुरू झालेल्या नाताळ व्याख्यानांत सांगितले जाते. मायकेल फॅरडे यांनी १८२७ ते १८६० या काळात अशा १९ मालिका दिल्या. मात्र तिथला प्रवेश विनामूल्य नव्हता, त्यामुळे प्रयोगांची धाटणी तिथली मानावी, मुक्तद्वाराची कल्पना नव्हे. हिंदुस्थानात फादर यूजीन लाफाँ यांनी कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात, बहुधा १८७० च्या आगेमागे, उपकरणांसह जाहीर व्याख्याने सुरू केली. पण ती मुख्यतः इंग्रजी जाणणाऱ्या प्रौढांसाठी होती.

बडोद्यात दोन धागे हाती येतात. एक, सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० मध्ये स्थापन झालेले कलाभवन. रसायनज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी तिथे देशी भाषांतून तंत्रशिक्षणाचा आग्रह धरला. दुसरा, १९१० नंतर उभ्या राहिलेल्या ग्रंथालय खात्याची दृश्य-शिक्षण शाखा. ती गावोगावी मॅजिक लँटर्नचे (काचेवरची चित्रे पडद्यावर मोठी करून दाखवणाऱ्या दिव्याचे) व सिनेमाचे फुकट खेळ दाखवी. कलाभवनात शिकणारे विद्यार्थी होते, लँटर्नभोवती सारे गाव जमे. म्हणून दुसरा धागा अधिक जवळचा वाटतो, जरी त्यात प्रयोग नसून चित्रे होती.

प्रयोग : सर्वांत भरवशाचा प्रयोग डबा चेपण्याचा. शीतपेयाच्या ३३० मिलीच्या ॲल्युमिनियमच्या रिकाम्या डब्यात १५ ते २० मिली पाणी घालून ते उकळतात. तोंडातून वाफ सलग मिनिटभर येऊ द्यावी. मग सांडशीने डबा उचलून गार पाण्याच्या टबात एका झटक्यात पालथा घालावा, तोंड पाण्याखाली बुडलेच पाहिजे. आतली वाफ निवून तिचे पाणी होते, दाब कोसळतो आणि बाहेरची हवा, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम भाराने, डबा चुरगाळते. वाफ पुरती भरण्याआधीच डबा उचलला तर आत हवा उरते. पाणी पूर्ण आटले तर आत नुसती गरम हवा राहते आणि डबा जेमतेम पिचकतो. सुलटा ठेवला तर तोंडातून हवा आत शिरते.

दुसरा प्रयोग फार वेळा दाखवला जातो आणि चुकीचा समजावला जातो. शाई घातलेल्या पाण्याच्या ताटात मेणबत्ती पेटवून वर काचेचा पेला पालथा घालतात. ज्योत विझते, पाणी चढते. ‘प्राणवायू संपला, त्याची जागा पाण्याने घेतली’ हे स्पष्टीकरण सोडून द्यावे. ज्योत विझते तेव्हा हवेत साधारण १६ टक्के प्राणवायू शिल्लक असतो. पाणी मुख्यतः ज्योत विझल्यावर, आतली तापलेली हवा निवून आकसते तेव्हा चढते. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावाव्यात : पेला तोच, प्राणवायू तेवढाच, तरी पाणी अधिक वर जाते. आधी मुलांना अंदाज विचारावा, मग पेला ठेवावा.

स्थिरविद्युतीचे प्रयोग बडोद्यात डिसेंबर-जानेवारीत जमतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत विद्युतभार टिकत नाही.

फेसाच्या प्रयोगासाठी औषधाच्या दुकानातले ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १०० मिली, भांड्यांचा द्रवसाबण एक चमचा, आणि तीन चमचे कोमट पाण्यात पाच मिनिटे भिजवलेले एक छोटा चमचा यीस्ट पुरते. पाणी कढत असले तर यीस्ट मरते. पेरॉक्साइडची बाटली जुनी, उन्हात राहिलेली असली तरी फेस येत नाही. फेस मोठा व्हावा म्हणून ३० टक्क्यांचे वापरू नये : त्याने कातडी भाजून पांढरी पडते. ६ टक्क्यांचे वापरतानाही चश्मा लावावा आणि पहिली रांग दोन मीटर मागे बसवावी.